पुढचं गाणं कुणी निवडलं?

२००५च्या जानेवारीत ॲपलने बाजारात आणलेल्या ‘आयपॉड शफल’ला पडदाच नव्हता. बोटभर लांबीची पांढरी पट्टी, त्यात साधारण १२० गाणी, महागड्या नगात २४०. पुढचं गाणं कोणतं, हे ते वाजेपर्यंत कळायला मार्ग नाही. यादी बघायची सोय नसलेलं यंत्र विकायचं म्हणजे एरवी पंचाईतच. कंपनीने त्या उणिवेचंच भांडवल केलं. आयुष्य तरी कुठे ठरवल्यासारखं चालतं, अशा थाटाची जाहिरात झाली आणि लोकांना ती पटली. पटायला कारणही होतं. २००१मध्ये पहिला आयपॉड आला तेव्हा ‘हजार गाणी खिशात’ ही नवलाई होती. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या हजाराचे अनेकांकडे पाच हजार झाले, आणि एवढ्यातून एक निवडायचा कंटाळा येऊन लोक आधीच शफलचं बटण दाबायला लागले होते.

तेव्हापासून एक अनुभव सगळीकडच्या श्रोत्यांना ओळखीचा झाला आहे. भांडी घासताना किंवा एसटीत खिडकीशी बसलेलं असताना पंधरा-वीस वर्षांत कानावर न पडलेलं गाणं अचानक लागतं आणि हात थांबतो. ‘काय योगायोग!’ असं लगेच म्हटलं जातं. योगायोगाला हे श्रेय जरा जास्तच मिळतं. यंत्र फक्त चिठ्ठी काढतं. त्या चिठ्ठीवर आधी कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं, आणि मधली कितीतरी वर्षं ती कुणी उघडलेली नसते, म्हणून वाचताना दचकायला होतं. कुणीतरी ठेवलेलं असणं आणि मग विसरलं गेलेलं असणं, या दोन गोष्टी नसतील तर यंत्राने गाणी कितीही पिसली तरी हाती काही लागत नाही.

कुणीतरी म्हणजे कोण? महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरातला गाण्यांचा संग्रह उकरून पाहिला तर थरावर थर निघतात. सर्वांत खाली ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कॅसेटी. तेव्हा तयार कॅसेट विकत घेण्याइतकंच कॅसेट भरून घेणंही चालायचं. गाण्यांची यादी आणि साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट दुकानदाराकडे द्यायची आणि चार दिवसांनी जाऊन आणायची. यादीतलं एखादं गाणं त्याच्याकडे नसलं, किंवा बाजू संपायला तीन मिनिटं उरली, की दुकानदार आपल्या मनाने काहीतरी भरून द्यायचा. त्यावरचा थर २००० नंतर फुटपाथवर मिळणाऱ्या एमपी३ सीड्यांचा. तेव्हाच्या प्रचलित १२८ केबीपीएस दर्जात एका मिनिटाला साधारण एक एमबी लागायचा, म्हणजे ७०० एमबीच्या एका सीडीत सुमारे बारा तासांची गाणी. दहा आवडत्या गाण्यांसाठी घेतलेल्या सीडीबरोबर सव्वाशे न मागितलेली घरात यायची. बहुतेक माल बेकायदा होता, आणि तो घेणाऱ्यांपैकी फारशा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे पेन ड्राइव्ह आले आणि ‘हे पण घेऊन जा’ म्हणत मामेभावाने अख्खा फोल्डरच दिला. शेवटी हे सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ओतलं गेलं आणि फोल्डरला ‘गाणी’ असं नाव पडलं. कधी कधी ‘गाणी नवीन’, ‘गाणी नवीन २’.

‘माझा संग्रह’ म्हणून मिरवला जाणारा हा साठा असा निम्माशिम्मा इतरांचा असतो. वडिलांची नाट्यगीतं, धाकट्या बहिणीचा वर्षभर टिकलेला इंडीपॉपचा नाद, होस्टेलवरच्या तमिळ रूममेटने दिलेला इळैयाराजा, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओसाठी जमवलेली सनई. शफलवर लागणारं गाणं पुष्कळदा दुसऱ्याच्याच आवडीचा पुरावा असतं. जर्मन लेखक वॉल्टर बेंजामिनने १९३१मध्ये आपली पुस्तकं खोक्यांतून बाहेर काढण्याबद्दल एक निबंध लिहिला. पुस्तकांत काय आहे यापेक्षा ती कुठल्या शहरात, कुठल्या लिलावात हाती लागली, याच आठवणी तिथे उसळून येतात. बेंजामिनने मात्र यातलं बरंच काही पारखून, पदरमोड करून मिळवलं होतं. हार्ड डिस्कच्या मालकाने फार कमी गोष्टी मिळवलेल्या असतात, बाकीच्या नुसत्या येऊन पडलेल्या. म्हणूनच त्याच्या आठवणींत स्वतःच्या कर्तबगारीपेक्षा इतर माणसं जास्त भेटतात, आणि एका अर्थी हा संग्रह बेंजामिनच्या ग्रंथसंग्रहाहून अधिक प्रामाणिक ठरतो. त्यात मालकाचा तोरा नाही.

आता कुणी म्हणेल, गाणी आहेत ना संग्रहात, मग शोधून ऐका की. शोधायला नाव आठवावं लागतं, आणि ज्याचं नाव आठवतं ते गाणं विसरलेलं नसतंच. अकारविल्हे यादी चाळणं हा दुसरा उपाय. पण माणूस पहिल्या चार पडद्यांपलीकडे क्वचितच जातो, आणि मग ‘अ’ने सुरू होणाऱ्या गाण्यांना उगाच जास्त न्याय मिळतो. विसरलेल्या गोष्टीपर्यंत पोचायचं तर स्मरणशक्तीला वळसा घालणारी वाट हवी. शफल ही त्यातली सर्वांत स्वस्त वाट, एवढंच तिचं मोठेपण.

स्वस्त आहे, पण वाटतं तितकी ती न्यायी नाही. गणितात पत्ते पिसण्याची एक चोख रीत आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८मध्ये दिली आणि संगणकावर आजही तीच वापरतात. तिने सगळी यादी एकदा पिसून शेवटपर्यंत ऐकली तर प्रत्येक गाणं बरोबर एकदा येतं. पण अशी शेवटपर्यंत ऐकतं कोण? रोज यंत्र सुरू होतं, रोज नव्याने पिसलं जातं, कालची पाळी आज मोजली जात नाही. समजा पाच हजार गाणी आहेत आणि रोज वीस ऐकली जातात. २५० दिवसांत पाच हजार वेळा गाणी वाजतील. वाटेल, झाला सगळा संग्रह ऐकून. प्रत्यक्षात तोवर सुमारे १,८४० गाणी एकदाही वाजलेली नसतील आणि काही चार-चार, पाच-पाच वेळा येऊन गेलेली असतील. शेवटच्या गाण्यापर्यंत पोचायला सरासरी साडेपंचेचाळीस हजार वेळा गाणी वाजावी लागतात, म्हणजे सव्वासहा वर्षं. ‘माझं यंत्र त्याच-त्याच गाण्यांवर जातं’ ही तक्रार त्यामुळे अगदीच खोटी नाही. फक्त त्यात यंत्राचा पक्षपात नसतो. खरा यदृच्छपणा असाच वागतो.

तो माणसाला आवडत नाही, हे कंपन्यांच्या लवकर लक्षात आलं. संग्रहातलं दर पाचवं गाणं लता मंगेशकरांचं असेल (मराठी घरात हे प्रमाण मुळीच अशक्य नाही), तर निव्वळ योगायोगाने लागलेल्या वीस गाण्यांत लताबाईंची दोन गाणी लागोपाठ येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. ऐकणाऱ्याला मात्र ती आली की यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. २००५च्या सप्टेंबरात ॲपलने आयट्यून्समध्ये एक नवी सोय दिली. एकाच गायकाची गाणी लागोपाठ किती यावीत हे त्यात ठरवता येत होतं. स्टीव्ह जॉब्जने तेव्हा सांगितलं की अधिक यदृच्छ वाटावं म्हणून आम्ही ते कमी यदृच्छ केलं आहे. २०१४मध्ये स्पॉटिफायच्या अभियंत्यांनीही हेच उघड केलं: निव्वळ पिसलेली यादी लोकांना यदृच्छ वाटत नाही, म्हणून ते एका कलाकाराची गाणी यादीभर अंतर राखून पेरत होते.

श्रोत्याला योगायोग नको असतो, त्याला फेरपालट हवा असतो, एवढाच याचा अर्थ. त्यात लबाडी मानायचं कारण नाही.

यावर जुन्या पिढीचं एक सरळ उत्तर असतं: हे सगळं रेडिओने आधीच दिलं होतं. पुढचं गाणं कोणतं हे तेव्हाही माहीत नसायचं, आणि एकाच वेळी सगळ्या चाळीत तेच वाजायचं ही वरकमाई. उत्तर बरोबर आहे, पण रेडिओबरोबर आणखी एक गोष्ट यायची, ती म्हणजे निवेदक. गाणं कुणाचं, कुठलं, हे तो सांगायचा. या सांगण्याचं मोल किती होतं, ते आकाशवाणीच्याच इतिहासात दिसतं. चित्रपटाचं नाव घेणं ही फुकटची जाहिरात होते म्हणून आकाशवाणीने ते घेणं थांबवलं, निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवायचे परवाने काढून घेतले. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ सिनेसंगीताच्या आधीच विरोधात होते. त्यांनी अभिजात संगीताला जागा दिली आणि श्रोते सुया फिरवून रेडिओ सिलोनवर गेले. त्याच डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. विविध भारती येऊन चूक निस्तरायला ऑक्टोबर १९५७ उजाडला. केसकरांच्या धोरणाची टिंगल भरपूर झाली आहे आणि ती त्यांनी कमावलेलीही होती. पण भांडणाची एक ठिणगी गाण्याचा नावपत्ता सांगावा की नाही यावरून पडली होती, हे सहसा कुणी आठवत नाही.

नावपत्त्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान गायल्या, आणि ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारून मोकळ्या झाल्या. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना लेबलावर काय छापायचं ते कळावं म्हणून ही युक्ती. गाणं आणि गाणाऱ्याचं नाव एकाच खोबणीत कोरलं गेलं, आता त्यांची ताटातूट कुणी करू शकत नाही. उलट १९४९च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, गायलंय कुणी.

हार्ड डिस्कवरच्या गाण्यांची अवस्था या कामिनीसारखीच आहे. एमपी३ फाइलला नावपत्ता जोडायची पद्धत १९९६मध्ये एरिक केंपने काढली. फाइलच्या शेपटाला फक्त १२८ बाइट जोडायचे: गाण्याचं नाव ३० अक्षरांत, कलाकार ३० अक्षरांत, अल्बम, साल, शेरा आणि संगीतप्रकाराचा एक आकडा. या ८० प्रकारांच्या मूळ यादीत पोल्का आहे, अभंग नाही, लावणी नाही, नाट्यगीत तर नाहीच. कलाकाराचा रकाना एकच. मराठी भावगीत हे कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांचं मिळून असतं. तिघांपैकी कुणाला त्या रकान्यात बसवायचं? बहुधा गायक बसला, कवी बाहेर राहिला. देवनागरी लिहायची तर सोयच नव्हती, आणि पुढच्या आवृत्त्यांत ती आली तोवर हजारो फाइलींची नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसली होती. उरलेल्या फाइलींत ‘ट्रॅक ०७’ नावाची गाणी किती असतील ते मोजायलाच नको. ‘आठवणीतली गाणी’सारख्या संकेतस्थळाने गीतकार, संगीतकार, राग, नाटक-चित्रपट यांची नोंद करत जे काम उभं केलं आहे, ते पाहिलं की एका निवेदकाची उणीव भरून काढायला केवढा खटाटोप लागतो ते कळतं. शफलवर लागलेलं गाणं अनामिक असलं तर पुनर्भेट अर्धीच होते. चेहरा ओळखीचा, नाव ओठावर, आणि पडद्यावर ‘अननोन आर्टिस्ट’.

शफलवरचा सर्वांत जड आक्षेप मात्र मैफलीतून येतो. ख्यालात विलंबितानंतर द्रुत येतं त्याला कारण असतं. सीडीवर त्यांचे दोन ट्रॅक पाडले, आणि यंत्राने आधी द्रुत, मग एक कोळीगीत, मग विलंबित असं लावलं, तर राग ऐकला असं कुणी म्हणणार नाही. रागसमयाचं तर विचारूच नका. सकाळी दात घासताना मालकंस लागतो आणि रात्री अकराला ललत. मैफल संपवणारी भैरवी तिसऱ्याच क्रमांकावर लागली की जुन्या श्रोत्याचा पाय आपोआप चपला शोधायला लागतो.

गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ते प्रसारित केलं. गदिमांची ५६ गीतं आणि सुधीर फडके यांचं संगीत. शफलवर टाकलं तर राज्याभिषेक आधी, वनवास मग, आणि सीतास्वयंवर त्याहूनही नंतर. कथेची अशी मोडतोड पाहून कुणाचंही मन दुखावेल. पण १९५५च्या श्रोत्यांनी तरी ते सलग कुठे ऐकलं होतं? दर आठवड्याला एक नवं गीत, मधे संसाराचे सगळे व्याप. एकेक गीत सुटं ऐकूनही चालत होतं, कारण उरलेलं रामायण ऐकणाऱ्याला आधीच पाठ होतं. शिवाय त्याची रचनाही सरळ रेषेतली नाही. शेवटच्या गीतात वाल्मीकी लव-कुशांना रामायण गायला पाठवतात, आणि पहिल्या गीतात ते दोघे रामापुढे गाताना दिसतात. त्यामुळे त्यातलं एखादंच गीत कधी मधेच लागलं तर ते पोरकं होत नाही.

ख्यालाचं तसं नाही. तिथला क्रम ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार नसतो. तो त्याच्यादेखत बांधला जात असतो, आणि मधे तोडला तर बांधकामच कोसळतं. म्हणजे आक्षेप मान्य करायचा, पण अर्धा. इथे शफलपेक्षा फाइल दोषी आहे. विलंबित-द्रुत एका फाइलीत जोडून ठेवले की यंत्र त्यांना वेगळं करू शकत नाही. आणि तुकडे पाडायची सुरुवात काही संगणकाने केलेली नाही. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९३०च्या दशकात तेवढ्यात राग मांडून दाखवला, आणि त्या तबकड्या आज देवघरात ठेवाव्यात अशा जपल्या जातात. तीन मिनिटांच्या त्या रागाला कुणी तुकडा म्हणत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. गाणं विसरलेलं असणं इतकं महत्त्वाचं का?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने १९६८मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा-पुन्हा समोर आली की केवळ ओळखीमुळे ती अधिक आवडू लागते. गाणी गाजवणाऱ्यांना हे त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. पण आवडणं वेगळं आणि आठवण करून देणं वेगळं. ओल्गा आणि मायकल वॉटकिन्स यांनी १९७५मध्ये स्मरणाबद्दल मांडलेलं तत्त्व असं: एकाच खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधाल तितकी ती खूण त्यांतली कुठलीही एक ओढून आणायला दुबळी पडते. त्यांचे प्रयोग शब्दांच्या याद्यांवर होते, गाण्यांवर नाही. तरी गाण्याला ते चपखल लागू पडतं. दर गणपतीत, प्रत्येक लग्नात, सहलीच्या प्रत्येक बसमध्ये वाजणारं गाणं घ्या. त्याला शाळा चिकटलेली आहे, कॉलेज चिकटलेलं आहे, पहिली नोकरी, धाकट्याचं बारसं आणि टाळेबंदीसुद्धा. इतकं सगळं चिकटल्यावर त्याला तारीखच उरत नाही. याउलट १९९८च्या पावसाळ्यात, कर्जत लोकलमध्ये, चार महिने वॉकमनवर वाजलेलं आणि मग कायमचं बाजूला पडलेलं एखादं सुमार गाणं. त्याला दुसरं काहीच चिकटलेलं नाही. ते लागलं की ओल्या छत्र्यांचा वास येतो.

सुमार हा शब्द इथे जपून वापरलेला नाही. उत्तम गाणी वारंवार ऐकली जातात, म्हणून त्यांच्यावर काळाचा शिक्का टिकत नाही. शिक्का टिकतो तो मधल्या प्रतीच्या, क्वचित लाज वाटावी अशा गाण्यांवर. कुमारवयात आवडलेलं, आता कुणासमोर लावायची सोय नसलेलं गाणं संग्रहातून काढून टाकावं असं वाटणं साहजिक आहे. अभिरुची सुधारली की लोक अशी साफसफाई करतातच. त्या साफसफाईत नेमका असा माल जातो, जो भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांच्या कितीही मुद्रिका आणल्या तरी भरून निघत नाही. माणसाला सगळ्यात जास्त आठवणी साधारण पंधरा ते तिशीच्या मधल्या राहतात, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. त्याच वयात अभिरुची सर्वांत बेभरवशाची असते, ही त्यातली गंमत.

यातूनच एक गैरसोयीचा निष्कर्ष निघतो. सापडलेलं गाणं ही खर्च होणारी वस्तू आहे. ‘अरे, हे किती वर्षांनी!’ म्हणत ते आवडत्या यादीत टाकलं आणि पंधरा दिवस रोज वाजवलं, की १९९८ पुसट होत जातं आणि त्यावर चालू महिन्याचे दिवस बसू लागतात. पाच हजारांच्या ढिगाची खरी उपयुक्तता इथे कळते: एकदा वाजलेलं गाणं त्यात पुन्हा बुडतं आणि आपण होऊन वर येत नाही. ढीग लहान असता तर हे जमलं नसतं.

स्ट्रीमिंग सेवा नेमकं उलट वागतात. जे ऐकलं त्याच्यासारखंच आणखी द्यायचं, हा त्यांच्या शिफारसयंत्राचा पिंड. न ऐकलेलं नवं गाणं शोधून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि ते काम मोठंच आहे. विसरलेलं जुनं परत देण्यात मात्र त्या अडतात, कारण त्यांची श्रोत्याशी ओळख खातं उघडल्या दिवसापासूनची. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९मध्ये. त्याआधीची कॅसेट, त्याआधीची फुटपाथवरची सीडी यातलं त्याला काही ठाऊक नाही. २०१७मध्ये त्याने परदेशात ‘टाइम कॅप्सूल’ नावाची यादी काढली होती. श्रोत्याच्या वयावरून त्याच्या तारुण्यातली गाणी ओळखायचा तो प्रयत्न. वयावरून फार तर त्याची पिढी ओळखता येते. होस्टेलवरचा रूममेट तमिळ होता हे वयावरून कसं कळणार?

सारेगामाच्या ‘कारवां’ची गोष्टही याच जातीची. २०१७मध्ये आलेला हा रेडिओसारखा दिसणारा डबा पाच हजार जुनी गाणी पोटात घेऊन येतो, बटण फिरवलं की वाजू लागतो, आणि मुलांनी तो आईवडिलांना हौसेने भेट दिला. निवडीचा त्रास नको असलेल्यांसाठी तो चांगलाच आहे. त्यातली गाणी सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून निवडलेली. घरच्या हार्ड डिस्कवरचं नको ते त्यात एकही नाही, आणि त्याची उणीव तिथेच आहे.

शिवाय उसन्या कपाटाचा भरवसा किती? स्पॉटिफाय इथे आल्यावर दोन महिन्यांतच सारेगामाशी त्याचं बिनसलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एचएमव्हीच्या जमान्यापासूनचा तो प्रचंड खजिना २०२०च्या मध्यापर्यंत त्या सेवेवर नव्हता. एअरटेलने आपलं ‘विंक म्युझिक’ बंद करायचं २०२४मध्ये जाहीर केलं, आणि त्याबरोबर लोकांनी तिथे वर्षानुवर्षं रचलेल्या याद्यांनाही टाळं लागायची वेळ आली. मायस्पेसने २०१९मध्ये कबूल केलं की सर्व्हर बदलताना बारा वर्षांत चढवलेली गाणी नष्ट झाली. तो आकडा पाच कोटींच्या घरात सांगितला गेला. हार्ड डिस्क अमर असते असं नाही. ती एके दिवशी टकटक आवाज करून मान टाकते, पण दुसरी प्रत काढून ठेवणं निदान आपल्या हातात असतं.

ज्यांनी संग्रह टिकवला आहे त्यांच्यासाठी योगायोगाहून चोख वाट २००२पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी जुलैमध्ये आलेल्या आयट्यून्सच्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतःहून बदलणाऱ्या याद्या आल्या, आणि गाणं शेवटचं कधी वाजलं याची नोंदही त्यांना वापरता येऊ लागली. अशी सोय आता इतर अनेक प्रोग्रॅममध्ये मिळते. ‘गेल्या दोन वर्षांत न वाजलेली’ एवढी एकच अट घालून यादी करायची आणि तीच शफलवर लावायची. वाजलेलं गाणं यादीतून आपोआप बाहेर पडतं, त्यामुळे साडेपंचेचाळीस हजारांचं ते गणित गळून जातं. रोज वीस गाण्यांच्या हिशेबाने पाच हजारांची पूर्ण फेरी २५० दिवसांत होते, आणि सापडलेलं गाणं दोन वर्षं तरी परत येत नाही. लागलेलं गाणं पुढे ढकलायचा मोह तेवढा उरतो. न ओळखलेल्या गाण्याची पहिली तीस सेकंद बहुधा कंटाळवाणीच असतात, त्यात बासरी नाहीतर सिंथेसायझर असतो, आणि अंगठा तोवर बटणापर्यंत पोचलेला असतो. कुणाच्या सांगण्यावरून हे गाणं इथे आलं ते आठवायला त्याहून जास्त वेळ लागतो, निदान पहिला अंतरा संपेपर्यंत.